तारीख कुठली, ते आधी सांगा

"हिटलरला वेळीच उडवला असता तर सहा कोटी माणसं वाचली असती," बँकवाल्यानं चहाचा ग्लास कठड्यावर ठेवता ठेवता वाक्य टाकलं.

मास्तरांनी चष्मा काढला. म्हणजे आता सुटका नाही.

"वेळीच म्हणजे कधी? तारीख सांग. आणि त्या सहा कोटींत चीनही धरलास. जपाननं चीनवर पूर्ण चढाई केली जुलै १९३७ मध्ये. तिकडचे कोट्यवधी मेले त्यात बर्लिनमधल्या माणसाचा काय संबंध? हिटलर पाळण्यात गेला असता तरी ते युद्ध झालंच असतं. तेव्हा आकडा आधी खाली आण, मग बोलू."

"बरं, युरोपातले धरा."

"धरले. आता तारीख."

तारखेवरच मग दीड तास गेला. या प्रश्नाची गंमत अशी की 'मारला असता तर' इतकंच विचारलं की सगळे एकमतानं माना डोलावतात. तारीख मागितली की चार माणसांची चार मतं होतात. कट्ट्यावर त्या संध्याकाळी आम्ही होतो तेवढेच: मास्तर, वकीलताई, बँकवाला आणि फर्निचरचं वर्कशॉप असलेला आमचा मिस्त्री. मिस्त्री तासभर काही बोलला नाही. आधी असाच गप्प बसतो आणि मग त्याला आवरावं लागतं.

वकीलताईंनी सुरुवात केली. "९ नोव्हेंबर १९२३. वेगळं काही करायलाच नको होतं. हिटलरचा म्युनिकमधला उठाव फसला, फेल्डहेर्नहाले या इमारतीपाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा हिटलर आणि त्याचा साथीदार शॉयब्नर-रिष्टर हातात हात अडकवून चालत होते. शॉयब्नर-रिष्टर जागच्या जागी गेला. पडताना त्यानं हिटलरला खाली ओढलं आणि हिटलरचा फक्त खांदा निखळला. पोलिसाची नळी एक हात सरकली असती तर विषय संपला होता."

"संपला असता," मास्तर म्हणाले, "आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. म्हणून त्यात चर्चेला काही उरत नाही. १९२३ चा हिटलर म्हणजे बव्हेरियातला एक गल्लीपुढारी. असे तेव्हा डझनभर होते. आणि एक लक्षात घे, नशीब दोन्हीकडे फासे टाकतं. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला फिफ्थ ॲव्हेन्यू ओलांडताना चर्चिल इंग्लंडच्या सवयीनं भलतीकडे बघत निघाला आणि मोटारीखाली आला. तो तिथे गेला असता तर १९४० मध्ये तहाची बोलणी टाळायला लंडनमध्ये कोण उभं राहिलं असतं? तुम्ही एकच मोहरा पटावरून उचलता. इतिहासाला तेवढी शिस्त नसते."

१९२३ तिथेच सुटलं. खरी जुंपली १९३२ वरून.

बँकवाला आकड्यांवर आला. "हे बघा. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं, १२ जागा. सप्टेंबर १९३० ला एकदम १८ टक्के, १०७ जागा. जुलै १९३२ ला ३७ टक्के, २३० जागा. मधे काय झालं? मंदी. बेकारांचा आकडा साठ लाखांपर्यंत गेला. मतं पोटातून आली, भाषणातून नव्हे. हिटलर नसता तर दुसरा कोणीतरी त्याच लाटेवर बसला असता."

"नोव्हेंबर १९३२ चा आकडा का गिळलास?" मास्तर हसले. "तोच महत्त्वाचा. जुलैत त्यांना एक कोटी सदतीस लाख मतं होती. नोव्हेंबरात एक कोटी सतरा लाख. चार महिन्यांत वीस लाख मतं गळाली, जागा २३० वरून १९६. पक्षाच्या तिजोरीत खडखडाट. ८ डिसेंबरला ग्रेगोर श्ट्रासरनं पदांचे राजीनामे टाकले, म्हणजे ज्यानं पक्षाची शाखाशाखांची बांधणी केली तोच बाहेर पडला. त्या पंधरवड्यात हिटलर गेला असता तर उरले कोण? श्ट्रासर एकीकडे, गोरिंग दुसरीकडे, गोबेल्स श्ट्रासरच्या जिवावर उठलेला, आणि रोहमची तपकिरी गणवेशातली फौज कोणाचं ऐकणार तो प्रश्नच. एकाही दोघांचं जमत नव्हतं. त्या पक्षात घटना नावालाच, कार्यकारिणी नावालाच, वारस नेमायची पद्धत नव्हती. माणूस हाच नियम. माणूस गेला की पक्षाची शकलं."

"आणि मग जर्मनीत सुखाची लोकशाही?"

"कुठली? हिंडेनबर्ग राष्ट्राध्यक्ष, संसदेला बाजूला सारून वटहुकमांवर कारभार १९३० पासूनच चालू. श्लायखरसारख्या जनरलची हुकूमशाही आली असती. शस्त्रं वाढलीच असती, कारण लष्कर ते हिटलरच्या आधीपासून चोरून करतच होतं. पोलंडशी सीमेवरून भांडणही झालं असतं कदाचित. पण बारा वर्षांत अख्ख्या युरोपातल्या ज्यूंना हुडकून, गाड्यांत भरून मारायचं यंत्र उभं राहिलं असतं का? मला नाही वाटत. ज्यूद्वेष जर्मनीत होता, ऑस्ट्रियात होता, पोलंडात होता, फ्रान्सात होता. द्वेषाचं सरकारी धोरण होणं आणि धोरणाचा कारखाना होणं यात जे दोन जिने आहेत, ते चढायला तो माणूस लागला."

वकीलताई मधे पडल्या. "पण डिसेंबर १९३२ मध्ये त्याला मारायचं कारण काय दाखवणार? तो तेव्हा गुन्हेगार नाही. निवडणूक लढवणारा पुढारी आहे. तेव्हा मारणाऱ्याला आपण आज खुनी म्हटलं असतं आणि त्याला हुतात्मा. म्युनिकला एखादा चौक असता त्याच्या नावाचा."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. असलंच तर ते भूतकाळात जाऊन द्यावं लागतं, आणि तिथे तर कोणीच जाणार नव्हतं. चहावाल्या अण्णानं दुसरा राऊंड आणला.

बँकवाल्याचा हुकमाचा पत्ता पुढेच होता. "मास्तर, तुम्ही राजकारणाचं बोलता, मी हुंडीचं बोलतो. १९३४ ते ३८ मध्ये जर्मनीनं शस्त्रांचे पैसे दिले कसे? नोटा छापल्या तर सगळ्या जगाला दिसतं. म्हणून एक कागदी कंपनी काढली, मेफो. भांडवल अवघं दहा लाख मार्क. मागे क्रुप, सीमेन्स अशा चार बड्या कंपन्या. तोफ बनवणारा कारखाना मेफोवर हुंडी लिहायचा, मेफो ती स्वीकारायची, आणि कोणतीही बँक ती घ्यायची, कारण मागे राइशबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, वटवायला उभी होती. व्याज चार टक्के. मुदत थोड्या महिन्यांची, पण पुन्हा पुन्हा वाढवत पाच वर्षांपर्यंत. सरकारच्या जमाखर्चात कुठेही दिसत नाही! एकूण बारा अब्ज मार्कांच्या हुंड्या. आता पहिल्या हुंड्या १९३४ च्या, मुदत पाच वर्षं. म्हणजे भरायच्या कधी?"

"एकोणचाळीसला," मिस्त्री पहिल्यांदा बोलला.

"बरोब्बर. ७ जानेवारी १९३९ ला राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला लेखी कळवलं की हा खर्च थांबला नाही तर चलन कोसळेल. २० जानेवारीला त्यानं बँकेचा अध्यक्ष शाख्त याला काढून टाकलं. आता बोला. १९३८ मध्ये हिटलर मेला, तरी या हुंड्या मेल्या नसत्या. जो गादीवर आला असता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. शस्त्रं थांबवून लाखो लोकांना पुन्हा बेकार करायचं, नाहीतर शेजाऱ्याची तिजोरी फोडायची."

हा मुद्दा जड होता. मास्तरांनी तो नाकारला नाही, वळवला. "पण पहिली वाट कोण निवडू शकत होतं? शाख्त स्वतः. लष्करातला ल्युडविग बेक, ज्यानं ऑगस्ट १९३८ मध्ये युद्धाला विरोध म्हणून सेनेच्या जनरल स्टाफचं प्रमुखपद सोडलं. हे लोक होते ना! आणि त्याच सप्टेंबरात त्यांचा कट तयार होता. बर्लिनचा लष्करी भाग जनरल विट्झलेबेनच्या ताब्यात. बेकच्या जागी आलेला हाल्डर सामील. गुप्तहेर खात्यातला ऑस्टर सूत्रधार. हाइन्झ नावाचा अधिकारी पन्नास-साठ जणांची तुकडी घेऊन चान्सलरीत, म्हणजे हिटलरच्या कचेरीत, घुसणार. वरिष्ठांचं म्हणणं, अटक करून खटला चालवू. हाइन्झ आणि ऑस्टर यांनी परस्पर ठरवलं होतं की झटापट घडवून आणायची आणि तिथेच गोळी घालायची."

"का? खटला का नको?" वकीलताईंनी विचारलं, पण उत्तर त्यांनाच माहीत होतं. "कारण २ ऑगस्ट १९३४. हिंडेनबर्ग गेला त्याच दिवशी सैन्याची शपथ बदलली. राज्यघटनेची शपथ नाही, देशाची नाही. ॲडॉल्फ हिटलर या माणसाची, नाव घेऊन. तो तुरुंगात जिवंत आहे तोवर प्रत्येक शिपाई त्याला बांधलेला. मेला की त्या क्षणी सगळे मोकळे. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर हिटलरनं स्वतःच्या खुनाची गरज स्वतःच शपथेत लिहून ठेवली."

"मग कट फसला कशानं?" बँकवाला.

"ब्रिटनच्या पंतप्रधानानं, चेंबरलेननं," मास्तर म्हणाले. "कट उभा होता एका गृहीतकावर. हिटलर चेकोस्लोव्हाकियावर हल्ल्याचा हुकूम देईल, ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुकारतील, लोक घाबरतील, आणि त्या घबराटीत सैन्य पुढे होईल. २९ सप्टेंबरला म्युनिकला चौघांनी बसून सुडेटनलँड, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन वस्तीचा भाग, बशीत घालून दिलं. युद्ध नाही, गोळी नाही, वर विजय. ज्या माणसाला वेडा ठरवून पकडायचं तो एका रात्रीत बिस्मार्कच्या वरचढ ठरला. हाल्डरचे पाय गळाले. माझी तारीख विचारशील तर हीच. सप्टेंबर १९३८. कारण फक्त याच वेळी मारणारे आणि नंतर राज्य चालवणारे एकाच खोलीत बसले होते."

वकीलताईंना हे पटेना. त्यांचा जीव २० जुलै १९४४ मध्ये, हिटलरच्या तळावर बॉम्ब फुटला त्या दिवसात. "त्या दिवशीही एकाच खोलीत होते, मास्तर. आणि तिथे तर स्फोट झाला."

"झाला. पण कसा झाला ते सांग."

त्यांनी सांगितलं, आणि ते असं सांगितलं की शेजारच्या कठड्यावरची मोबाइलवाली पोरंही माना वळवून ऐकू लागली. बॉम्ब नेणारा कर्नल श्टाउफेनबर्ग. त्याचा उजवा हात मनगटापासून गेलेला, डाव्या हाताला तीन बोटं, एक डोळा. ट्युनिशियात १९४३ च्या एप्रिलात विमानांच्या माऱ्यात गेलेलं ते सगळं. पूर्व प्रशियातल्या लांडग्याच्या गुहेत, म्हणजे हिटलरच्या तळावर, बैठक दुपारी एकला ठरलेली. मुसोलिनी त्या दिवशी येणार म्हणून ती साडेबारावर आणली. शर्ट बदलायचा म्हणून श्टाउफेनबर्ग आणि त्याचा सहायक हेफ्टन एका खोलीत गेले. स्फोटकाचे दोन गठ्ठे, प्रत्येकी साधारण किलोभर. तीन बोटांत धरता यावी अशी खास वाकवलेली पक्कड. पहिल्याची कळ चेपली तोच दारावर थाप, लवकर चला, सगळे थांबलेत. दुसरा तसाच हेफ्टनच्या बॅगेत राहिला आणि विमानतळावर जाताना गाडीतून झाडीत फेकला गेला.

"तो दुसरा गठ्ठा कळ न चेपताही त्याच पिशवीत टाकला असता तर पहिल्याबरोबर तोही गेला असता," ताई म्हणाल्या. "पण मागे माणूस उभा आहे, घाम फुटलाय, तीन बोटं आहेत. त्या मिनिटाला कोणाला सुचणार?"

"आणि बैठक भुयारी खोलीत नव्हतीच," मास्तरांनी जोडलं. "लाकडी बराकीत. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या. बंद काँक्रीटमध्ये तोच धक्का भिंतींवर आपटून परत आला असता. इथे तो खिडक्यांतून निघून गेला. त्यात ब्रांट."

"कोण ब्रांट?"

"कर्नल हाइन्झ ब्रांट. श्टाउफेनबर्ग फोनच्या निमित्तानं बाहेर पडला. ब्रांटच्या पायाला ती पिशवी लागत होती. त्यानं ती उचलून टेबलाच्या जाड ओक पायाच्या पलीकडे सरकवली. बारा बेचाळीसला स्फोट. खोलीत चोवीस माणसं, चार गेली, त्यांत ब्रांट. हिटलरच्या कानाचे पडदे फाटले आणि विजारीच्या चिंध्या झाल्या. आणि हाच ब्रांट बरं का, १३ मार्च १९४३ ला स्मोलेन्स्कहून हिटलरच्या विमानात कटातल्या ट्रेस्कोनं दिलेली क्वाँत्रो दारूची 'बाटली' मित्राला पोचवायची म्हणून सोबत घेऊन गेलेला. त्या पुडक्यात बॉम्ब होता, अर्ध्या तासाचा. विमानात थंडीनं यंत्रणा चालली नाही. ब्रांटला शेवटपर्यंत पत्ता नाही की आपण एकदा बॉम्ब नेला आणि एकदा बॉम्ब सरकवला."

मिस्त्री टेबलाच्या पायाबद्दल काहीतरी पुटपुटला. 'पाय नाही, अख्खी फळीच असणार,' असं. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नंतर मी बघितलं, बरोबर होतं त्याचं. ते नुसते पाय नव्हते, टेबलाच्या खाली भरीव आधार होते.

"पण समजा मेला असता," बँकवाला मूळ पदावर आला, "तर फायदा काय? जुलै ४४ म्हणजे सगळं संपलेलंच."

"संपलेलं?" ताई भडकल्या. "त्या युद्धात जेवढे जर्मन सैनिक मेले त्यातले जवळपास निम्मे त्या दिवसानंतरच्या साडेनऊ महिन्यांत मेले. एकट्या जानेवारी १९४५ मध्ये साडेचार लाखांवर. वॉर्साचा उठाव १ ऑगस्टचा. लोड्झच्या घेट्टोतली, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली, शेवटची साठ-सत्तर हजार माणसं ऑगस्टात आउशविट्झला गेली. ड्रेस्डन फेब्रुवारी ४५ चं. यातलं किती टळलं असतं सांगता येत नाही, पण काहीतरी टळलं असतंच."

"आणि काय टळलं नसतं तेही सांग," मास्तर शांतपणे म्हणाले. "हंगेरीतून चार लाख सदतीस हजार ज्यू ९ जुलैपर्यंतच नेले गेले होते. अकरा दिवस उशीर. आणि राजकारणाचं म्हणशील तर दोस्त राष्ट्रांचं कासाब्लांकाला जानेवारी १९४३ मध्येच ठरलं होतं की बिनशर्त शरणागती, दुसरं काही नाही. कटवाल्यांना वाटत होतं पश्चिमेशी तह करू, पूर्वेला लढत राहू. कोण करणार होतं तो तह?"

तरी ताईंचा एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. त्या म्हणाल्या, त्या संध्याकाळी बर्लिनमध्ये सगळा खेळ एकाच गोष्टीवर चालला होता, तो मेलाय की नाही. 'वाल्किरी'चे, म्हणजे सत्ता ताब्यात घ्यायचे, हुकूम तीन तास उशिरा सुटले, कारण बर्लिनमधल्यांना खात्री नव्हती. पहारेकरी पलटणीचा मेजर रेमर गोबेल्सला पकडायला गेला. गोबेल्सनं फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, ओळखता का माझा आवाज? रेमर उलटा फिरला. मध्यरात्रीनंतर श्टाउफेनबर्गला बेंडलर रस्त्यावरच्या कचेरीच्या आवारात गोळ्या घातल्या. "शपथ आवाजाला बांधलेली होती," ताई म्हणाल्या. "तो आवाज नसता तर तेच हुकूम, तेच शिक्के, तीच पलटण, आणि गोबेल्स तुरुंगात."

बँकवाला अजून जागचा हलला नव्हता. त्यानं घरचं उदाहरण काढलं. "२२ जून १८९७. गणेशखिंड. चापेकरांनी रँडला उडवला. काय झालं? पुण्यावर जादा पोलीस बसले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा, चापेकर बंधू फासावर. आणि प्लेग तसाच. रँडच्या खुर्चीत दुसरा साहेब. नाझी पोलीसयंत्रणेचा बडा अधिकारी हायड्रिश, त्याचंही तेच. मे १९४२ मध्ये प्रागच्या वळणावर स्टेनगन अडकली, मग बॉम्ब टाकला, आठवड्याभरानं तो जखमेच्या संसर्गानं मेला. बदला म्हणून लिडित्से गाव पुसलं, १७३ पुरुष तिथेच भिंतीपाशी मारले. आणि छळछावण्यांचं काम थांबलं? उलट पोलंडातल्या ज्यूंच्या कत्तलीच्या मोहिमेला त्याचंच नाव दिलं."

"रँड आणि हायड्रिश नेमलेले होते रे," मास्तर. "नेमणारा वर शिल्लक होता. नेमलेला माणूस गेला की नेमणूक उरते. आपण नेमणाऱ्याबद्दल बोलतोय. तरी तुझ्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी फॉक्सली नावाची योजना केली. बेर्कटेसगाडनला हिटलर रोज चहाघरापर्यंत पायी जायचा, त्या वाटेवर नेमबाज ठेवायचा. सगळे नकाशे, वेळा, गणवेश जमवले. आणि त्यांच्याच एका अधिकाऱ्यानं विरोध केला. म्हणाला, हा माणूस सेनापती म्हणून इतका वाईट आहे की जिवंत राहिलेलाच आपल्या फायद्याचा. वर हुतात्मा होईल ते वेगळंच. तोवर हिटलर १४ जुलैला तिथून निघाला तो परत गेलाच नाही."

इथे मिस्त्रीनं बिडी विझवली.

"तुम्ही सगळे अधिकाऱ्यांच्या गोष्टी सांगताय. सुताराची कोणी सांगत नाही."

गेओर्ग एल्झर. म्युनिकचा ब्युर्गरब्रॉयकेलर, म्हणजे एक मोठा बिअर हॉल, ८ नोव्हेंबर १९३९. मिस्त्रीला हे सगळं पाठ आहे, आणि तो ते कामाच्या अंगानं सांगतो, इतिहासाच्या नाही.

"१९३८ च्या ८ नोव्हेंबरला हा माणूस हॉल बघून आला. दरवर्षी त्या तारखेला हिटलर तिथे १९२३ च्या उठावातल्या जुन्या लोकांपुढे बोलतो. व्यासपीठाच्या मागे एक खांब, वरच्या सज्जाचा आणि छताचा भार त्यावर. ह्याला एका नजरेत कळलं की खांब गेला तर छत नेमकं बोलणाऱ्याच्या डोक्यावर येणार. म्हणजे माणसाला मारायचंच नाही, इमारतीकडून मारून घ्यायचं. हा विचार सुताराचा आहे, शिपायाचा नाही.

"ऑगस्ट ३९ ला तो म्युनिकला खोली घेऊन राहिला. रोज रात्री तिथेच जेवायचा, मग वर सज्जात जाऊन अडगळीत लपायचा. हॉल बंद झाला की काम. तीसेक रात्री! खांबाला बाहेरून लाकडी पॅनेल होतं. त्यानं आधी त्या पॅनेलचा एक तुकडा असा कापला की सांध दिसू नये, आणि त्याला बिजागऱ्या लावून दार केलं. सकाळी दार बंद, कोणी हात फिरवला तरी कळणार नाही. हे काम बोलायला सोपं आहे. पॉलिश केलेल्या जुन्या लाकडात, टॉर्चवर निळा रुमाल बांधून, करवत चालवून बघा एकदा. आत विटा नि चुना. छिन्नीचा एक ठोका रिकाम्या हॉलमध्ये बंदुकीसारखा वाजतो. तिथल्या मुताऱ्यांचं पाणी ठरावीक वेळानं आपोआप सुटायचं. तो आवाज आला की हा ठोका मारायचा. मग पुढच्या पाण्यापर्यंत थांबायचं. चुरा पिशवीत भरायचा, सकाळी मागच्या दारानं बाहेर. गुडघ्यांवर बसून बसून गुडघे पिकले त्याचे.

"आणि आतली तयारी बघा. पोकळीला आतून पत्रा. का? हॉल सजवताना कोणी खांबावर खिळा ठोकला तर तो आत जायला नको, आणि कोणी ठोकून बघितलं तर पोकळ वाजायला नको. घड्याळाची टिकटिक बाहेर येऊ नये म्हणून कॉर्क. घड्याळं दोन. एक बंद पडलं तर दुसरं. सहा दिवस आधी लावता येतील अशी. सगळं बसवून तो गावाला गेला बहिणीकडे, आणि ७ तारखेच्या रात्री परत आला. कशासाठी? नुसतं दाराला कान लावून बघायला, की चालू आहे ना."

"वेळ नऊ वीस," मास्तर म्हणाले.

"नऊ वीस. आणि ते नऊ वीसलाच फुटलं. एक मिनिट इकडे-तिकडे नाही. छत पडलं, व्यासपीठ गाडलं गेलं. आठ माणसं मेली, त्यात एक वाढपी बाई. साठावर जखमी. फक्त हिटलर नऊ सातलाच निघून गेला होता. तेरा मिनिटं."

"का निघाला?"

"धुकं," मास्तरांनी सांगितलं. "विमानानं परतायचा बेत होता. हवामानाचा भरवसा नाही म्हणून नऊ एकतीसची खास गाडी. फ्रान्सवरच्या हल्ल्याचं चाललेलं, बर्लिनला परतणं भाग. म्हणून भाषण साडेआठऐवजी आठला सुरू केलं आणि आटोपतं घेतलं. एल्झर तर स्फोटाच्या आधीच पकडला गेला. पावणेनऊला, कॉन्स्टान्झला, स्वित्झर्लंडच्या कुंपणापाशी. खिशात पक्कड आणि ब्युर्गरब्रॉयकेलरचं चित्र असलेलं पोस्टकार्ड. कशाला ठेवलं देव जाणे. पाच वर्षं कैदेत ठेवून ९ एप्रिल १९४५ ला डाखाऊत गोळी घातली."

आता खरा प्रश्न आला, आणि तो बँकवाल्यानंच विचारला. त्या रात्री हिटलर मेला असता तर?

१ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, हिटलरनं वारस जाहीर केला होता. माझं काही झालं तर गोरिंग, त्याचं काही झालं तर हेस. म्हणजे १९३२ सारखी फाटाफूट नाही. गोरिंग गादीवर, नुकतीच युद्ध सुरू झालेली जर्मनी हातात. आणि गोरिंगला ब्रिटनशी युद्ध नको होतं. ऑगस्टात तो डालेरुस नावाच्या स्वीडिश उद्योजकाला लंडन-बर्लिन फेऱ्या मारायला लावत होता.

"म्हणजे तह," ताई म्हणाल्या.

"तह कशावर? पोलंड सोडला असता त्यानं? चोरलेली चित्रं सोडली नाहीत त्या माणसानं, देश सोडेल?" मास्तर. "पण पश्चिमेवरचा हल्ला बघ. हिटलरला तो नोव्हेंबरातच करायचा होता. ५ तारखेला लष्करप्रमुख ब्राउखिच विरोध करायला गेला तर त्याला झापून हाकललं. जनरल कोणी तयार नव्हते. आर्देनच्या जंगलातून रणगाडे काढायची जनरल मानस्टाइनची कल्पना वरच्या कार्यालयानं दाबून ठेवली होती. ती उचलली हिटलरनं, १७ फेब्रुवारी १९४० ला मानस्टाइनला जेवायला बोलावून. तो जुगार नसता तर फ्रान्स सहा आठवड्यांत पडत नाही. फ्रान्स पडला नाही तर रशियावर जायला सैन्य मोकळं होत नाही. आणि रशियावरची स्वारी नाही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. रशियावरच्या स्वारीच्या मागोमागच सामूहिक कत्तली सुरू झाल्या, हे इथे सगळ्यांना माहीत होतं.

"आणि माझ्या हुंड्या?" बँकवाला.

"तुझ्या हुंड्यांनी गोरिंगला १९४० मध्ये गुडघ्यावर आणलं असतं. लुटायला फ्रान्स नाही, हॉलंड नाही."

"म्हणजे शेवटी माझंच खरं!"

"अर्धं. कर्जानं जर्मनीला कडेवर आणलं. उडी कुठल्या बाजूला मारायची ते त्या माणसानं ठरवलं." मास्तर मिस्त्रीकडे वळले. "तेव्हा तुझी तारीख बघता मी माझी सोडायला तयार आहे. सप्टेंबर ३८ ला कटवाले होते, पण हिंमत दुसऱ्याच्या उत्तरावर टांगलेली. हा एकटा होता आणि कोणावर अवलंबून नव्हता."

"धुक्यावर होता," ताई म्हणाल्या.

बँकवाल्यानं मिस्त्रीला डिवचलं. "पण तुझा सुतार चुकलाच ना. अर्धा तास अलीकडची वेळ लावली असती तर?"

मिस्त्रीनं बोटांवर मोजलं. "दरवर्षी साडेआठला सुरू, दहाला संपायचं. घड्याळ दोन दिवस आधी लावलेलं, मग बदलता येत नाही. आणि सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, ती धरायची. मग मध्य कुठे येतो? नऊ पंधरा, नऊ वीस." त्यानं खिशातून दुसरी बिडी काढली. "मी पण नऊ वीसच लावलं असतं."